विज्ञानसंस्थेकडे अनुदान मागताना

विषयाचे नाव वाचून काहींना असे वाटणे स्वाभाविक आहे की, अर्ज, अंदाजपत्रक आणि पावत्या ह्या कार्यवाहांच्या टेबलावरच्या गोष्टी. त्या वसंत व्याख्यानमालेच्या श्रोत्यांपुढे कशाला? परंतु न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला तेव्हापासून आजतागायत, जेथे जेथे असे व्यासपीठ उभे राहिले तेथे तेथे पडद्यामागे कोणीतरी अर्ज लिहिले आहेत, वर्गण्या मागितल्या आहेत आणि सतरंज्या उचलल्यावर हिशेब मिटविला आहे. श्रोता म्हणून आपण त्या कष्टांचे फळ घेतो. उद्या आपल्यालाच यजमान व्हावयाचे झाले, तर हे कष्ट कसे करावयाचे एवढेच ह्या लेखात सांगावयाचे आहे. तेही एका विशिष्ट बाबतीत, म्हणजे विज्ञानाच्या कार्यक्रमासाठी विज्ञानसंस्थेकडे साहाय्य मागण्याच्या बाबतीत.

मुंबईच्या उपनगरांत साहित्याचे, संगीताचे, नाटकाचे कार्यक्रम उदंड होतात. विज्ञानाचा कार्यक्रम म्हटला की मंडळी जरा बिचकतात. वक्ते कोठून आणावयाचे, साहित्य कोण देणार, आणि मुख्य म्हणजे पैसे कोठून उभे करावयाचे, हे तीन प्रश्न एकदम पुढे येतात. वस्तुतः अशा कार्याला मदत करणे हे ज्यांचे काम आहे अशा संस्था देशात आहेत. अडचण असते ती त्यांचे दार ओळखण्याची आणि दारात गेल्यावर नेमके काय मागावे ह्याची.

एक जुने उदाहरण

एक सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीची हकीकत पाहू. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात कावसजी दादाभाई नायगमवाला नावाचे एक तरुण अध्यापक होते. त्यांना वेधशाळा हवी होती. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी ह्यांनी ह्या कामासाठी पाच हजार रुपये देऊ केले, आणि तेवढीच रक्कम मुंबई सरकारने घातली. त्यातून पुढे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात महाराजांच्याच नावाची वेधशाळा उभी राहिली. तेथील वीस इंची दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानातील सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले तेव्हा नायगमवाला आपले पथक घेऊन सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे गेले. त्याच जेऊरला अमेरिकेतून लिक वेधशाळेचे पथक आले होते, ते क्रॉकर घराण्याच्या देणगीच्या बळावर. आणि कोकणात विजयदुर्गावर इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर ह्यांनी तळ ठोकला होता.

ह्या हकीकतीत आपल्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. पहिली ही की, एकाने पैसा घातला म्हणून दुसऱ्याने घातला. पुढे आलेल्या पाच हजारांनी मागच्या पाच हजारांना वाट करून दिली. दुसरी ही की, पैसे मागणाऱ्याजवळ एक नेमके काम होते. आकाशाची आवड निर्माण करणे असा मोघम हेतू त्याने पुढे केला नाही. कोणते उपकरण, कोठे आणि कशासाठी, हे त्याला सांगता येत होते. आजच्या अर्जातही ह्याच दोन गोष्टी पाहिल्या जातात.

आधी प्रश्न, मग पैसा

पुष्कळ मंडळांची सुरुवात उलटी होते. अनुदान मिळते असे कळले की कार्यक्रम शोधावयाचा, आणि मग 'विज्ञानाविषयी जनजागृती' असे काहीतरी लिहून अर्ज धाडावयाचा. असे अर्ज वाचणाऱ्याच्या टेबलावर ढिगाने पडलेले असतात. त्यात आपला एक मिळवून उपयोग नाही. आपल्या वस्तीचा स्वतःचा असा एखादा प्रश्न असला, म्हणजे तो अर्ज वेगळा दिसतो. आणि असे प्रश्न उपनगरांत जागोजाग पडले आहेत.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला मोजला गेला तो अवघा ७३ मिलिमीटरच्या आसपास. एकाच शहराच्या दोन टोकांत एवढा फरक का पडावा? ज्यांच्या घरात त्या दिवशी पाणी शिरले त्यांना हा प्रश्न कोणी समजावून सांगावयास नको. उत्तर मात्र हवामानशास्त्रज्ञानेच द्यावयास हवे. घाटकोपरला जुलै २००० मध्ये दरड कोसळून कित्येक माणसे गाडली गेली. उतारावरची माती पावसात कधी आणि का सुटते, हा तेथील लोकांच्या जिवाशी गाठ असलेला प्रश्न आहे. मुलुंड-भांडुपच्या बाजूला खाडीवर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. ती ठाणे खाडी २०२२ साली रामसर करारातील पाणथळ जागांच्या यादीत गेली, म्हणजे नेमके काय झाले? बोरिवलीला राष्ट्रीय उद्यानात बिबटे राहतात आणि उद्यानाच्या भिंतीला लागून माणसे राहतात. दोघांनी एकमेकांशी कसे वागावे?

आणि अंधेरीत गिल्बर्ट हिल आहे. भवन्स कॉलेजच्या शेजारी, वस्तीच्या गर्दीत, सुमारे दोनशे फूट उंचीचा हा काळा कातळ उभा आहे. माथ्यावर देवीचे मंदिर आहे, वर जाण्यास पायऱ्या आहेत. भाविक दररोज वर जातात. परंतु कातळाच्या अंगावरचे उभे खांब कशाचे, हे विचारणारा क्वचितच भेटतो. तळे आटले म्हणजे तळाचा चिखल वाळून आकसतो आणि त्याला बहुकोनी भेगा पडतात, हे आपण पाहिलेले असते. लाव्हारस थंड होताना तोही आकसतो. भेगा पृष्ठभागापासून आत आत जातात आणि सबंध थराचे उभे बहुकोनी खांब होतात. अमेरिकेतील वायोमिंग राज्यात 'डेव्हिल्स टॉवर' नावाचा असाच एक खांबांचा सुळका आहे. तो पाहण्यास लोक देशोदेशींहून जातात. आपला सुळका रेल्वे स्टेशनापासून फार दूर नाही.

ह्या कातळाच्या वयाचीही एक गंमत आहे. दख्खनच्या लाव्ह्याचा मुख्य उद्रेक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणून गिल्बर्ट हिलचे वयही सर्रास तेवढेच सांगितले जाते. २००१ साली हेतु शेठ, कांचन पांडे आणि रजनीश भूतानी ह्या संशोधकांनी आर्गॉन पद्धतीने ह्या खडकाचे वय मोजले, ते सुमारे सहा कोटी पाच लाख वर्षे भरले. म्हणजे दख्खनचा मोठा उद्रेक ओसरून गेल्यावरही मुंबईच्या भागात ज्वालामुखीची धग उरली होती. सांगोवांगीचे वय आणि मोजलेले वय ह्यांतील अंतर सुमारे पंचेचाळीस लाख वर्षांचे! मोजणे म्हणजे काय, हे समजावून सांगण्यास ह्याहून चांगले उदाहरण अंधेरीकरांना कोठे मिळणार? आणि ज्या वस्तूचे मोल कळत नाही ती राखली जात नाही. भोवताली इमारती चढत असताना हा कातळ उद्या कोणाच्या भरवशावर उभा राहणार, ही गोष्टही ह्यात आलीच.

तेव्हा समजा, अंधेरीच्या एखाद्या मंडळाने ठरविले की, गिल्बर्ट हिलविषयी दोन दिवसांचा मेळावा भरवावयाचा. शनिवारी संध्याकाळी दोन व्याख्याने व खडकांच्या नमुन्यांचे प्रदर्शन. रविवारी सकाळी वीस-वीसांच्या तुकड्यांनी प्रत्यक्ष कातळाची पाहणी. हे काल्पनिक उदाहरण घेऊन आपण पुढे जाऊ.

कोणते दार ठोठवावे

पहिले दार अकादम्यांचे. सी. व्ही. रामन ह्यांनी १९३४ साली बंगळूरला स्थापन केलेली भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी, आणि १९३० साली मेघनाद साहांच्या पुढाकाराने अलाहाबादेस, म्हणजे आजच्या प्रयागराजला, निघालेली राष्ट्रीय विज्ञान अकादमी, अशा तिघी मिळून गेली अनेक वर्षे महाविद्यालयांसाठी व्याख्यान-कार्यशाळा चालवीत आल्या आहेत. ह्या दोन-तीन दिवसांच्या असतात. अकादमीचा एखादा फेलो निमंत्रक म्हणून शास्त्रीय बाजू सांभाळतो आणि यजमान महाविद्यालयातील प्राध्यापक संयोजक होतो. ही योजना विद्यार्थी-शिक्षकांसाठी आहे. तेथे वस्तीतील मंडळाला परभारे अर्ज करता येत नाही. म्हणून मंडळाने आधी जवळच्या महाविद्यालयाचे दार ठोठवावे. कार्यशाळा महाविद्यालयाने घ्यावी आणि तिच्याच वक्त्यांपैकी एकाचे संध्याकाळचे जाहीर व्याख्यान मंडळाने ठेवावे. वक्ता एकदा आला की त्याच्याकडून दोन कामे होतात, आणि महाविद्यालयालाही भिंतीबाहेरचा श्रोता मिळतो.

दुसरे दार सरकारी. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागात १९८२ साली राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान संचार परिषद स्थापन झाली. लोकांपर्यंत विज्ञान नेणे हेच तिचे काम. १९८७ पासून २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो, तो रामन परिणामाच्या १९२८ मधील शोधाची आठवण म्हणून. आदल्याच दिवशी मराठी भाषा गौरव दिन असतो. दोन दिवस जोडून घेतले तर मराठीतून विज्ञान सांगण्यास ह्याहून चांगला मुहूर्त नाही. सरकारी दारात मात्र कागद पुरे लागतात. संस्थेची नोंदणी, घटना, मागील वर्षांचे तपासलेले हिशेब, दर्पण पोर्टलवरील नोंद, बँकेतील संस्थेच्या नावाचे खाते, हे सारे तयार हवे. शिवाय ही दारे नावे बदलतात. परिसंवादांना साहाय्य देणारे 'सर्ब' नावाचे मंडळ २०२३ च्या कायद्यानंतर अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात विलीन झाले. म्हणून शेजारच्या संस्थेने पाच वर्षांपूर्वी भरलेला नमुना उतरून काढू नये. चालू वर्षाची नियमावली स्वतः वाचावी.

तिसरे दार अगदी घराजवळचे, आणि त्याचीच बहुधा आठवण राहत नाही. शीव-चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषदेचे विज्ञान भवन आहे. १९६६ साली स्थापन झालेली ही परिषद मराठीतून विज्ञान सांगण्याचेच कार्य करते. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये सुरू केले. पवईला आय. आय. टी. आहे. १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी तर मुंबईकरांनीच उभी केलेली. ह्यांच्याकडे जाताना रोख रकमेची अपेक्षा धरून जाऊ नये. जाणकार माणूस, साहित्याबद्दलचा सल्ला, मजकूर तपासून देणे, असे साहाय्य मागावे. जाणत्या माणसाने अर्जाच्या मसुद्यावर दहा मिनिटे नजर टाकली, तरी पुढच्या दाराशी त्याचे वजन पडते.

परदेशी पैशाविषयी सावधगिरी

परदेशांतील पुष्कळ शास्त्रीय संस्था जगभरच्या कार्यक्रमांना लहानमोठी अनुदाने देतात, आणि त्यांच्या जाहिराती आपल्याही वाचनात येतात. मोह होतो, पण येथे थांबून कायदा पाहिला पाहिजे. विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० ह्या कायद्याप्रमाणे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याखेरीज मंडळाला परदेशी पैसा स्वीकारता येत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच उतरावा लागतो, आणि तो घेणाऱ्या संस्थेला पुढे दुसऱ्या संस्थेकडे वळविता येत नाही. मधल्या कोणा भारतीय माणसाच्या हातून आला म्हणून परदेशी पैसा देशी होत नाही. रक्कम लहान आहे, हेतू चांगला आहे, ही सबब कायदा ऐकत नाही. तेव्हा नोंदणी नसलेल्या मंडळाने ह्या वाटेला जाऊ नये. ज्यांची नोंदणी आहे त्यांनीही आधी हिशेब तपासनिसाचा सल्ला घ्यावा.

अर्जात काय लिहावे

अर्ज वाचणारा मनुष्य बहुधा स्वतः शास्त्रज्ञ असतो, त्याच्यापुढे अनेक अर्ज असतात आणि त्याला आपले मंडळ ठाऊक नसते. त्याला थोडक्यात सहा गोष्टी कळाव्या लागतात: काय करणार, कोणासाठी, कोण सांगणार, कधी व कोठे, किती खर्च, आणि झाले की नाही हे कसे कळणार.

हेतू एका वाक्यात बसावा. 'अंधेरी परिसरातील नागरिकांत वैज्ञानिक दृष्टिकोन रुजविणे' ह्या वाक्यात अंधेरीऐवजी नागपूर घातले तरी काही बिघडत नाही. म्हणून ते वाक्य निकामी. 'गिल्बर्ट हिलच्या पायथ्याशी राहणाऱ्या तीनशे लोकांना त्यांच्या कातळाचे खांब कसे झाले आणि त्याचे वय कसे मोजतात, हे खडक हातात घेऊन समजावणे' हे वाक्य दुसऱ्या गावाला लागू पडत नाही. म्हणून ते चांगले.

श्रोते कोण, हेही असेच नेमके असावे. सर्वांसाठी खुला कार्यक्रम असला तरी बोलावणार कोणाला? आठवी-नववीचे विद्यार्थी, मंदिराचे विश्वस्त, आसपासच्या गृहनिर्माण संस्थांचे रहिवासी, अशी यादी द्यावी. उपनगरांत मराठीबरोबर हिंदी-गुजराती बोलणारे शेजारी आहेत. पत्रक तिन्ही भाषांत काढणार असल्यास तसे लिहावे. वक्त्यांची संमती अर्जापूर्वी लेखी घ्यावी. न विचारता मोठ्या शास्त्रज्ञाचे नाव घालणे ही फसवणूक तर आहेच, शिवाय ती पकडली जाते. कारण अर्ज वाचणारा त्यांना ओळखत असतो.

जागेच्या परवानग्या, पायऱ्यांवरील गर्दीची व्यवस्था, प्रथमोपचार, ह्यांचा उल्लेख अवश्य असावा. आणि गिल्बर्ट हिलसारख्या ठिकाणी एक अट स्वतःच घालून घ्यावी: कातळावर हातोडी चालवावयाची नाही. हाताळण्याचे नमुने महाविद्यालयाच्या संग्रहातून आणावयाचे.

अंदाजपत्रक

आपल्या काल्पनिक मेळाव्याचा खर्च असा धरू. वक्त्यांचा प्रवास व मानधन १२,००० रुपये, चाळीस भिंगे, दर भिंगास दीडशे प्रमाणे, ६,०००, पत्रकांची छपाई ८,०००, प्रथमोपचार व सुरक्षा ४,०००, सभागृह व ध्वनिक्षेपक १०,०००, चहा-फराळ ८,०००, अहवाल व छायाचित्रे २,०००. एकूण ५०,०००.

ह्यांपैकी सभागृह, चहा आणि अहवाल ह्यांचे २०,००० मंडळाने स्वतः उभे करावे आणि पहिल्या चार बाबींचे ३०,००० मागावे. असे का? एक तर चहा-फराळाला शास्त्रीय संस्थेचा पैसा मागणे शोभत नाही. दुसरे, भिंगे आणि पत्रके मेळावा संपल्यावरही शाळेत राहतात. देणाऱ्याला आपला पैसा कोठे टिकला हे दिसते. तिसरे आणि महत्त्वाचे म्हणजे, मंडळाचे वीस हजार आधी टेबलावर पडले की, ह्या वस्तीला हा कार्यक्रम खरोखर हवा आहे असे सिद्ध होते. भावनगरच्या पाच हजारांनी सरकारचे पाच हजार आणले, ते ह्याच न्यायाने. स्वयंसेवकांचे तास, महाविद्यालयाने मोफत दिलेली खोली, हेही 'आमचा वाटा' म्हणून नोंदवावे. त्याची उगाच रुपयांत किंमत फुगवू नये.

तीस हजार लागत असताना, निम्मे कापतील म्हणून साठ हजार मागण्याची एक रीत पडली आहे. ती सोडावी. वाचणाऱ्याला भिंगाचा भाव माहीत असतो. एका बाबीवरील विश्वास उडाला की सबंध अर्जावरचा उडतो. त्याऐवजी शेवटी एक ओळ लिहावी: अनुदान निम्मेच मिळाले तर कोणता भाग करू आणि कोणता सोडू. ही ओळ थोडेच अर्जदार लिहितात. परंतु तीवरून कार्यक्रमाचा विचार झाला आहे की नाही हे ताबडतोब कळते.

मिळाल्यावर

अनुदान मंजूर झाल्याचे पत्र आले म्हणजे काम संपले असे समजणारी मंडळे दुसऱ्यांदा अनुदान मिळवीत नाहीत. मंजुरीपत्रातील अटी कार्यकारिणीत वाचून दाखवाव्या. प्रत्येक खर्चाची पावती त्याच दिवशी वहीला लावावी. एका बाबीचा पैसा दुसरीकडे वळवावयाचा असेल तर आधी लेखी विचारावे. केंद्र सरकारचे अनुदान असल्यास शेवटी ठरलेल्या नमुन्यात, म्हणजे वित्तीय नियमावलीतील १२-अ क्रमांकाच्या नमुन्यात, विनियोग प्रमाणपत्र द्यावे लागते; आणि न खर्चलेली शिल्लक व तीवरील व्याज परत करावे लागते. शिल्लक राहिलेले सातशे रुपये परत करताना लाज वाटण्याचे कारण नाही. त्या सातशे रुपयांनी मंडळाची जी पत वाढते ती सात हजारांच्या जाहिरातीने वाढणार नाही.

अहवालात किती आले हे लिहावेच, पण लोकांनी काय विचारले हेही लिहावे. शाळकरी मुलाने विचारले असेल की, सबंध मुंबई लाव्ह्याची असताना हा एकच सुळका कसा उरला? असा एक प्रश्न दहा छायाचित्रांहून अधिक सांगतो. जे जमले नाही तेही नोंदवावे: रविवारची दुसरी तुकडी उन्हात सापडली, हिंदी पत्रके कमी पडली. देणाऱ्या संस्थेला पुढच्या अर्जदाराला सांगण्यास ह्याच गोष्टी उपयोगी पडतात.

आणि अर्ज नामंजूर झाला तर? तो व्हावयाचाच, कित्येकदा. कारण कळविले नसल्यास विनयाने विचारावे आणि अर्ज जपून ठेवावा. तो नीट लिहिलेला असेल तर त्यात कार्यक्रमाची सबंध आखणी तयार असते. वीस हजार मंडळाजवळ आहेत, वक्त्यांची संमती आहे, महाविद्यालयाचे नमुने आहेत. भिंगे चाळीसच्या जागी दहा घ्यावी, पत्रक एकाच रंगात छापावे, दोन दिवसांऐवजी एकच रविवार ठेवावा. कातळ तर जागचा हलत नाही.

इंग्लंडात १८३१ साली यॉर्कला ब्रिटिश असोसिएशन ह्या विज्ञानसंस्थेची पहिली सभा भरली. ही संस्था दरवर्षी वेगळ्या गावी जाई. गाव आमंत्रण देई, वर्गणी जमवी, आणि शास्त्रज्ञ तेथे येत. तिच्याच धर्तीवर आपली भारतीय विज्ञान काँग्रेस १९१४ साली कलकत्त्यास सुरू झाली. तिचे १०२ वे अधिवेशन जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या कलिना येथील आवारात, म्हणजे आपल्या उपनगरांतच, भरले. शास्त्रज्ञ आमंत्रणाला येतात, हा जवळजवळ दोनशे वर्षांचा अनुभव आहे. आमंत्रणात फक्त दोन गोष्टी स्पष्ट असाव्या लागतात: आमच्या वस्तीला काय जाणून घ्यावयाचे आहे, आणि त्यासाठी आम्ही स्वतः काय घालावयास तयार आहो. ह्या दोन्ही ज्या कागदावर आल्या तो अनुदानाचा अर्ज. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली येथील चार मंडळांनी येत्या विज्ञान दिनापूर्वी असे चार कागद लिहिले, तरी पावसाचा, दरडीचा, कातळाचा आणि बिबट्याचा असे चार प्रश्न उपनगरांत जाहीरपणे विचारले जातील.